कायदा, साहित्य आणि तात्पर्यनिर्णय

१

कायदा आणि साहित्य यांचा परस्परसंबंध हा स्वतंत्र अभ्यासशाखेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना प्रथम अमेरिकन विद्यापीठांत रुजली. विधिपंडित जॉन विग्मोर यांनी वकिलांनी वाचाव्यात अशा कादंबऱ्यांची यादी १९०८ साली प्रसिद्ध केली. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी १९२५ साली न्यायनिर्णयांच्या लेखनशैलीचे विवेचन केले. पुढे जेम्स बॉइड व्हाइट यांच्या १९७३ सालच्या ग्रंथापासून या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप आले. तेव्हापासून या शाखेचे दोन भाग मानण्याचा प्रघात आहे. साहित्यात कायद्याचे चित्रण कसे होते हे पाहणारा एक, आणि कायद्याचे लेखन हेच एक प्रकारचे साहित्य मानून त्याचे वाचन करणारा दुसरा. साहित्याचे नियमन करणारा कायदा हा तिसरा भागही काही अभ्यासक मानतात. परंतु त्याला बहुधा दुय्यम स्थान मिळते.

मराठीत या विषयाची जी चर्चा होते तीही बहुशः पहिल्या भागापुरती मर्यादित राहते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाकडे लक्ष वेधून, न्यायालयाचा देखावा हा समाजातील क्रौर्याचे साधन कसा होतो, हे दाखविले जाते. ही चर्चा निरर्थक नाही. पण तिच्यातून मराठीच्या अभ्यासकाला स्वतःचे असे काही सांगता येत नाही. जे काफ्काविषयी किंवा डिकन्सविषयी सांगितले गेले, तेच थोड्या फरकाने येथे सांगितले जाते.

वस्तुतः या अभ्यासशाखेच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते इतके स्वाभाविक वाटते की त्याचा उच्चारही कोणी करीत नाही. लेखक, वाचक, वकील आणि न्यायाधीश हे सर्व एकाच भाषेत वावरतात, हे ते गृहीत होय. लंडन किंवा न्यूयॉर्क येथे ते बव्हंशी खरे आहे. मराठीच्या बाबतीत गेल्या सव्वाशे वर्षांत ते क्वचितच खरे ठरले. मराठी लेखन जेव्हा जेव्हा वरिष्ठ न्यायासनापुढे गेले तेव्हा ते दुसऱ्या भाषेची वस्त्रे नेसून गेले. म्हणून मराठीपुरते तरी कायदा आणि साहित्य यांच्या संबंधाचा मूळ प्रश्न अर्थनिर्णयाचा, म्हणजे तात्पर्याचा आहे; आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कायद्याइतकीच मराठी समीक्षेवर आहे. या विधानाची परीक्षा करण्यासाठी १८९७, १९०८, १९६९ आणि २०१५ या सालांतील चार निर्णयांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

२

मराठी भाषा न्यायाच्या कामाला अपुरी होती, असे मानण्याचे काहीही कारण नाही. मराठेशाहीतील न्यायपद्धतीचे जे सविस्तर विवेचन वि. त्र्यं. गुणे यांनी आपल्या १९५३ सालच्या इंग्रजी ग्रंथात केले, त्यावरून ही गोष्ट स्पष्ट होते. वादी व प्रतिवादी आपापली हकिगत ‘करीना’ म्हणून लिहून देत, निर्णय मान्य करण्याबद्दल राजीनामा देत, आणि सभेचा निर्णय ‘महजर’ या लेखात नोंदला जाई. या लेखांची मराठी फारसी शब्दांनी भरलेली होती हे खरे. पण ज्याच्या वृत्तीचा वा वतनाचा वाद असे त्याला आपली हकिगत आपल्याच बोलीत नोंदलेली आढळे. सांगणारा, लिहिणारा आणि निर्णय देणारा यांच्यामध्ये भाषांतरकार उभा नव्हता.

तो उभा राहिला इंग्रजी अमदानीत, आणि त्याचे महत्त्व पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते लोकमान्य टिळकांवरील १८९७ सालच्या खटल्यात. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातील लेखन हा त्या खटल्याचा आधार होता. त्यात शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचा वृत्तांत होता, आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही टोपणनावाने छापलेली एक कविताही होती. जागृत झालेला शिवाजी आजची देशस्थिती पाहून खेद करतो, अशी त्या कवितेची कल्पना आहे. एका मराठी कवितेचा अर्थ काय, हा प्रश्न अशा रीतीने राजद्रोहाच्या खटल्यात फौजदारी न्यायालयापुढे आला. निर्णय देणाऱ्या नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय होते. सहा विरुद्ध तीन अशा मताने टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला केलेले मार्गदर्शन भाषाशास्त्राच्या दृष्टीने मननीय आहे. कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ त्यांनी प्रथम ‘प्रीतीचा अभाव’ असा दिला आणि लगेच द्वेष, वैर, तिरस्कार इत्यादी भावनांची मालिका त्याला जोडली. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला ही चर्चा अपरिचित वाटणार नाही. नकारवाचक ‘नञ्’चे अनेक अर्थ वैयाकरणांनी सांगितले, त्यांत अभाव हा एक आणि विरोध हा दुसरा. ‘अज्ञान’ या शब्दात ज्ञानाचा अभाव पुरेसा असतो. ‘अधर्म’ या शब्दात धर्माचा केवळ अभाव नसून त्याला विरोध असतो. राज्यकर्त्यांविषयी प्रेम नसणे आणि त्यांच्याशी वैर असणे यांतील अंतर हे असेच आहे, आणि त्या अंतरावर एका माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते. पुढल्याच वर्षी, १८९८ साली, कलमात दुरुस्ती करून निष्ठेचा अभाव आणि वैरभाव या दोहोंचाही निर्देश स्पष्टीकरणात करण्यात आला. व्याकरणातील एक संदिग्धता कायद्याने अशी आपल्या बाजूने मिटविली.

स्ट्रेची यांचा दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. हे लेखन ज्या वर्गाच्या हाती पडते त्या वाचकांच्या मनावर त्याचा काय परिणाम होईल, हे ज्यूरीने लक्षात घ्यावे, असे त्यांनी सांगितले. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. अर्थ हा वाचकसापेक्ष असतो, हे साहित्यशास्त्रालाही मान्य आहे. परंतु ज्या ज्यूरीत बहुसंख्य युरोपीय होते, तिने दख्खनमधील मराठी वाचकाच्या मनाची कल्पना करावी आणि तीही भाषांतराच्या आधारे करावी, असा याचा प्रत्यक्ष परिणाम झाला. ‘केसरी’चा वाचक न्यायालयात सतत उल्लेखिला गेला, तो बोलला मात्र नाही.

३

विग्मोर यांची यादी ज्या साली प्रसिद्ध झाली त्याच १९०८ साली मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा दुसरा खटला चालला, हा केवळ कालाचा योगायोग. पण त्यात या अभ्यासशाखेची दोन टोके दिसतात. एकीकडे, सुशिक्षित वकिलाने साहित्य वाचावे ही सौम्य अपेक्षा. दुसरीकडे, एका संपादकाचे भवितव्य त्याच्या गद्याच्या अर्थावर ठरविणारे न्यायासन. या वेळी ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अनुक्रमे १२ मे व ९ जून १९०८ चे अग्रलेख आरोपाचे विषय होते. सात युरोपीय व दोन पारशी अशी ज्यूरी होती. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले.

त्या बचावात भाषांतराच्या अचूकतेला मोठे स्थान होते. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी टिळकांनी स्वतः केली आणि शब्दाशब्दांच्या छटांचा वाद घातला. एखाद्या वृत्तपत्राच्या संपादकाने न्यायालयात कोश पुढे ठेवून आपल्याच वाक्यांचा अर्थ सिद्ध करीत बसावे, हे दृश्य वरवर विलक्षण वाटले तरी त्यामागील युक्तिवाद पूर्णपणे शास्त्रीय आहे. कोशात एका शब्दापुढे पाच पर्याय असतात. त्यांपैकी सर्वांत तीव्र पर्याय भाषांतरकाराने निवडला की मूळ वाक्यात नसलेली तीव्रता अनुवादात येते. प्रत्येक शब्द कोशाच्या आधाराने समर्थनीय असतो आणि तरीही संपूर्ण परिच्छेद मूळाशी विसंगत होतो. शिवाय राजकीय वादविवादाची मराठी त्या काळी घडत होती. इंग्रजीत ज्या शब्दांना ठरावीक राजकीय वजन आले होते, त्यांचे मराठी प्रतिशब्द नवे, सैल आणि अस्थिर होते. ‘राजद्रोह’ हाच शब्द पाहावा. इंग्रजी ‘सिडिशन’चा प्रतिशब्द म्हणून तो रूढ झाला, पण ‘द्रोह’ या पदाबरोबर विश्वासघाताची जी छटा येते ती मूळ इंग्रजी शब्दात त्या प्रमाणात नाही. आरोपाचे मराठी नाव आरोपाहून कठोर होते.

सात विरुद्ध दोन अशा मताने टिळक दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली आणि तेथेच १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली प्रकाशित झाले. या ग्रंथाचा आरंभच ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे या चर्चेने होतो, ही गोष्ट मराठी समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही. उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही मीमांसकांनी सांगितलेली तात्पर्याची गमके टिळक तेथे मांडतात आणि त्यांच्या आधाराने पूर्वीच्या भाष्यकारांचे अर्थ तपासतात. खटल्यामुळे हे प्रकरण लिहिले गेले, असे म्हणण्यास आधार नाही. टिळकांचा मीमांसेचा व्यासंग जुना होता. परंतु सुटी वाक्ये उचलून ग्रंथाचा अर्थ ठरवू नये, हा जो आग्रह त्यांनी गीतेच्या बाबतीत धरला, तोच आग्रह त्यांना न्यायालयात स्वतःच्या लेखांच्या बाबतीतही धरावा लागला होता, हे ऐतिहासिक सत्य आहे. कायदा आणि साहित्य या अभ्यासशाखेला मराठीत मूळपुरुष शोधावयाचा असेल तर तो येथे सापडतो.

४

स्वातंत्र्यानंतर आरोपाचे स्वरूप बदलले. राजद्रोहाची जागा अश्लीलतेने घेतली. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. अश्लीलतेची कसोटी म्हणून इंग्लंडमधील १८६८ सालचा हिक्लिन खटल्यातील नियम आपल्याकडे चालत होता. लेखन ज्यांच्या हाती पडण्याचा संभव आहे अशा, अनिष्ट प्रभावाला वश होणाऱ्या मनांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय, असे हा नियम विचारी. मुंबईच्या एका ग्रंथविक्रेत्यावरील ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हाच नियम काही मर्यादांसह स्वीकारला. त्या खटल्यात बचावाच्या बाजूने मुल्कराज आनंद यांची साक्ष झाली होती; पण अश्लीलतेचा निर्णय न्यायालयानेच करावयाचा आहे, तज्ज्ञाने नव्हे, अशी भूमिका न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या निकालपत्रात घेतली गेली.

या पार्श्वभूमीवर २५ ऑगस्ट १९६९ चा ‘चंद्रकांत कल्याणदास काकोडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निर्णय पाहिला पाहिजे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील लोकप्रिय कादंबरीकार काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा या खटल्याचा विषय होती. दंडाधिकाऱ्याने आरोपींना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला व अंक नष्ट करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दंडाची रक्कम क्षुल्लक होती. तत्त्व क्षुल्लक नव्हते.

या निकालपत्रात दोन विधाने आहेत. पहिले असे की, कथेचे वाङ्मयीन मूल्य उच्च नसेल, तिच्यात लेखकाची अभिरुची अपक्व दिसत असेल, तरी तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही. दुसरे असे की, न्यायालयाला परिचित नसलेल्या भाषेतील लेखनाच्या बाबतीत साहित्यिकांच्या मताचा काही प्रमाणात आधार घ्यावा लागेल. कारण मूळ भाषेतील कलेच्या सूक्ष्म छटा भाषांतरात पुष्कळदा उतरत नाहीत. अंतिम निर्णय अर्थातच न्यायालयाचा. १९०८ साली टिळकांनी जो मुद्दा ज्यूरीला पटविण्याचा प्रयत्न केला आणि जो मानला गेला नाही, तो एकसष्ट वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने स्वतःहून उच्चारला.

यानंतर दोनच आठवड्यांनी, ७ सप्टेंबर १९६९ पासून, कलम २९२ मधील दुरुस्ती अमलात आली. विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितासाठी म्हणून जे प्रकाशन सार्वजनिक हिताचे असल्याचे सिद्ध होईल, त्याला या दुरुस्तीने अपवाद केले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम २९४ मध्येही हा अपवाद कायम आहे. साहित्यप्रेमी मंडळींना ही दुरुस्ती मोठा विजय वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, या दोन घटनांनी दोन भिन्न मार्ग दाखविले, हे ध्यानात घेतले पाहिजे. कायद्याची दुरुस्ती समीक्षकाला विचारते, ‘हे लेखन मोलाचे आहे काय?’ निकालपत्रातील भाषाविषयक विधान विचारते, ‘मूळ भाषेत या लेखनाचा अर्थ काय होतो?’ मराठी समीक्षेने पहिला प्रश्न आनंदाने स्वीकारला आणि दुसरा जवळजवळ विसरून टाकला.

पहिल्या प्रश्नातील धोका उघड आहे. मोलाच्या आधाराने संरक्षण मिळवावयाचे म्हटले की सामान्य प्रतीचे लेखन उघड्यावर पडते. ‘श्यामा’च्या बाजूने थोर कलाकृती असल्याचे प्रशस्तिपत्र कोणीही समीक्षक देऊ शकला नसता, आणि तरीही तिच्या लेखकाला शिक्षा होणे अन्यायाचे होते. रंजक कथा लिहिणाऱ्यास कमी स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठित कवीस अधिक, असा भेद कायद्याने करावा ही गोष्ट समीक्षेला कितीही सोयीची वाटली तरी न्याय्य नाही. उलट, अर्थाच्या प्रश्नापुढे सर्व लेखन समान असते. वाक्य कोणाच्या तोंडी आहे, ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, संपूर्ण रचनेत त्याचे स्थान काय, हे प्रश्न श्रेष्ठ आणि कनिष्ठ अशा दोन्ही प्रकारच्या लेखनाला सारखेच लागू पडतात.

५

अर्थाचा प्रश्न बाजूला राहिला म्हणजे काय घडते, हे १४ मे २०१५ च्या ‘देवीदास रामचंद्र तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निर्णयात पाहावयास मिळते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, सभासदांपुरत्या वितरित होणाऱ्या नियतकालिकात १९९४ साली छापली गेली आणि त्यावरून खटला उभा राहिला. तत्पूर्वी, २०१४ साली, सर्वोच्च न्यायालयाने ‘अवीक सरकार’ निर्णयात हिक्लिनचा नियम टाकून समकालीन समाजाची प्रमाणके ही कसोटी मान्य केली होती. २०१५ च्या निर्णयात त्या कसोटीला एक जोड मिळाली. ऐतिहासिक दृष्ट्या आदरणीय व्यक्तीच्या नावाचा वापर करून अश्लील भाषा योजली असेल तर ती कसोटी अधिक कठोरपणे लागू होते, असे न्यायालयाने म्हटले. क्षमायाचना केलेले प्रकाशक आरोपातून मुक्त झाले. कवीचा प्रश्न मात्र खालच्या न्यायालयातील सुनावणीवर सोपविण्यात आला.

या निकालपत्रात कवितेच्या नावाचे जे इंग्रजी रूप दिले आहे त्याचा अर्थ ‘मी गांधीला भेटलो’ असा होतो. भेद लहान दिसतो. पण मूळ वाक्यात ‘गांधी’ हा कर्ता आहे आणि ‘मला’ हे चतुर्थ्यन्त रूप आहे. भेटण्याची क्रिया गांधीकडून घडते. निवेदक तिला सामोरा जातो. मराठीत ‘देव भेटला’, ‘वेडा भेटला’, ‘दुःख भेटले’ अशा प्रयोगांत भेट ही अनपेक्षित, माणसाच्या इच्छेबाहेरची असते. ‘मी देवाला भेटलो’ असे म्हटले की ती ठरवून घेतलेली गाठ होते. इंग्रजी शीर्षकाने निवेदकाला कर्ता केले, आणि कर्ता केले की हेतूही त्याच्या पदरी आला. फौजदारी कायद्यात हेतूला किती वजन असते हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट एकवचनाची. ‘गांधीजी भेटले’ न म्हणता ‘गांधी भेटला’ असे कवी म्हणतो. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, म्हणून त्याचा त्याग अर्थपूर्ण ठरतो. परंतु तो अनादरच दर्शवितो असे नाही. विठोबा, आई आणि जिवलग मित्र यांना मराठी माणूस एकवचनानेच संबोधितो. शत्रूलाही एकवचन आणि देवालाही एकवचन, अशी या भाषेची रीत आहे. तेव्हा हे एकवचन जवळिकीचे, उपहासाचे की दोहोंचे, हे संपूर्ण कविता वाचूनच ठरवावे लागते. इंग्रजीत हा प्रश्न निर्माणच होत नाही. तेथे सर्व महापुरुषांना एकच क्रियारूप लागते. ज्या निर्णयाचा कणा आदरणीय व्यक्तीविषयीचा आदर हा आहे, त्या निर्णयात मराठीतील आदरव्यवस्थेचा विचार नसावा, ही उणीव मोठी आहे. पण तिचा दोष केवळ न्यायालयाला देता येणार नाही. मराठीच्या अभ्यासकांनी अशा कवितेतील एकवचनावर किती लिहिले होते, की जे कोणा वकिलाला पुढे ठेवता आले असते?

१८९७ ची कविता आणि ही कविता यांत एक साम्य आहे. दोन्हींत इतिहासातील महापुरुष आजच्या काळात अवतरतो. एका कवितेवर राजद्रोहाचा आरोप आला, दुसरीवर अश्लीलतेचा. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच होता: कवितेतील उद्गार कोणाचे? संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रश्नाला फार पूर्वी नाव दिले आहे. स्वतः कवी आणि कवीने निर्माण केलेला वक्ता, म्हणजे ‘कविनिबद्धवक्ता’, असा भेद आनंदवर्धनाच्या परंपरेत केला जातो. मम्मटानेही ‘काव्यप्रकाशा’त वक्ता, श्रोता, प्रसंग, देश, काल इत्यादींच्या वैशिष्ट्याने वाक्याचा व्यंग्यार्थ कसा पालटतो हे सांगितले आहे. ही केवळ अलंकारशास्त्राची पांडित्यपूर्ण वर्गवारी नव्हे. न्यायाधीशाला कवितेविषयी जे जाणून घ्यावयाचे असते, त्याची ही जवळजवळ पूर्ण प्रश्नावली आहे.

६

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, न्यायालय हे चर्चासत्र नव्हे. त्याला निर्णय द्यावाच लागतो. न्यायमूर्ती रिचर्ड पॉझनर यांनी १९८८ सालच्या ग्रंथात, साहित्याचा अर्थ लावणे आणि कायद्याचा अर्थ लावणे या क्रिया मूलतः भिन्न आहेत, असा इशारा दिला. रॉबर्ट कव्हर यांनी १९८६ साली हीच गोष्ट अधिक कठोर शब्दांत मांडली; न्यायाधीशाने अर्थ लावला की त्यापाठोपाठ कोणाचे तरी स्वातंत्र्य किंवा प्राणही जातात. हे मान्य केलेच पाहिजे. समीक्षक चुकला तर एक लेख वाया जातो. न्यायाधीश चुकला तर मंडाले घडते. परंतु यावरून निष्कर्ष उलट निघतो. अर्थनिर्णयाचा परिणाम जितका गंभीर, तितकी त्याची पद्धती काटेकोर हवी. शिवाय येथे दोन्ही शास्त्रांची एक भेटीची जागा आहे. समीक्षा ज्याला अनेकार्थता म्हणून गुण मानते, तिचेच फौजदारी न्यायातील नाव संशय असे आहे. एखाद्या वाक्याचे दोन अर्थ समर्थपणे संभवतात हे समीक्षकाने साधार दाखविले, तर संशयाचा फायदा आरोपीला देण्याचे तत्त्व कायद्यात आधीच सिद्ध आहे.

दुसरा आक्षेप मीमांसेविषयी. मीमांसेचे नियम अपौरुषेय वेदवाक्यांसाठी रचले गेले; तेथे कर्त्याच्या हेतूचा प्रश्नच नाही. आधुनिक लेखक हा हेतू असलेला मनुष्य आहे. हा भेद खरा आहे, आणि म्हणून मीमांसेचे नियम जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. तथापि, न्यायालयही हेतू प्रत्यक्ष पाहू शकत नाही. ते तो लेखनातूनच अनुमानिते. त्या अनुमानासाठी विधी आणि अर्थवाद हा मीमांसकांचा भेद फार उपयोगी आहे. स्तुती वा निंदा करणारे अर्थवादाचे वाक्य स्वतंत्र आज्ञा म्हणून वाचावयाचे नसते; ज्या विधीला ते साहाय्य करते त्याच्याशी एकवाक्यता करूनच त्याचा अर्थ लावावयाचा असतो. कथेतील एखादा उत्तान परिच्छेद किंवा अग्रलेखातील एखादे संतप्त वाक्य वेगळे काढून त्यावर आरोप ठेवला जातो, तेव्हा अर्थवादाला विधी मानण्याची चूक घडलेली असते.

तिसरा आक्षेप असा की, आता मराठीला न्यायालयात स्थान मिळाले आहे, तेव्हा भाषांतराची अडचण मागे पडली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारात मराठी आली, आणि १९९८ साली राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून तिचा स्वीकार झाला, हे खरे. परंतु संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज आजही सामान्यतः इंग्रजीत चालते. म्हणजे मराठी लेखनाचा खटला मराठीत सुरू होतो आणि जसजसा वर चढतो तसतसा मूळ भाषेपासून दूर जातो. अंतिम निर्णय जेथे होतो तेथे मूळ शब्द बहुधा उपस्थित नसतो.

७

या सर्व विवेचनातून मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासापुरता एक निष्कर्ष निघतो. कायदा आणि साहित्य या विषयाची अभ्यासपत्रिका आखताना न्यायालयाचे चित्रण असलेल्या नाटक-कादंबऱ्यांची यादी पुरेशी नाही. ज्या मराठी लेखनावर खटले झाले ते मूळ लेखन, न्यायालयापुढे ठेवलेली त्याची भाषांतरे आणि निकालपत्रे ही तिन्ही शेजारी ठेवून शब्दशः ताडून पाहिली पाहिजेत. १९०८ च्या खटल्यातील भाषांतराचा वाद हा मराठी अर्थविचाराचा एक समृद्ध दस्तऐवज आहे. त्याचा अभ्यास आजवर मुख्यतः राजकीय इतिहासाने केला, तो भाषाशास्त्रानेही केला पाहिजे. आदरार्थी रूपे, कर्त्याची निवड, शिव्या व ग्राम्य शब्द यांची प्रदेशानुसार आणि जातीनुसार बदलणारी धार, या गोष्टींची पद्धतशीर नोंद झाली पाहिजे. कारण बोलीतील जो शब्द एका गावी नित्याचा, तोच दुसऱ्या गावी गुन्हा ठरण्याइतका असभ्य वाटतो.

समीक्षकाने न्यायालयात जावे ते प्रशस्तिपत्र घेऊन नव्हे, तर अर्थाचा साक्षीदार म्हणून. थोर कृतींची पाठराखण करणे सोपे आहे. ती करण्यास मंडळीही पुष्कळ मिळतात. ज्या कृतीविषयी आपले मत प्रतिकूल आहे, तिचाही अर्थ जसा आहे तसा सांगता येणे, ही समीक्षेच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी होय. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मराठी जाणणाऱ्यांकडून हीच अपेक्षा व्यक्त केली होती. तिला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तिची पूर्तता करण्यास लागणारी सामग्री मीमांसेत, साहित्यशास्त्रात आणि आधुनिक भाषाविज्ञानात तयार आहे. ती एकत्र आणण्याचे काम मराठीच्या अध्यापकांचेच आहे, आणि ते पुढल्या खटल्यापूर्वी व्हावयास हवे.